द्वेषवाणीची वंशावळ

१८४४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत दोन घटना घडल्या. ८ मे रोजी फिलाडेल्फिया शहरात जमावाने संत मायकल आणि संत ऑगस्टीन ही दोन कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरे जाळली. त्यानंतर सोळा दिवसांनी, २४ मे रोजी, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत बसून सॅम्युएल मोर्स यांनी विजेच्या तारेवरून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश धाडला. संदेशासाठी निवडलेले वचन जुन्या करारातील गणना या पुस्तकातले होते. परमेश्वराच्या अद्‌भुत करणीविषयीचा विस्मय त्यात होता. शाळेच्या पुस्तकांत दुसरी घटना असते, पहिली नसते. तारायंत्राचा जनक म्हणून मोर्स यांचे नाव आम्ही सर्वांनीच पाठ केले. परंतु त्यांची तार बोलू लागण्याच्या दहा वर्षे आधी त्यांची लेखणी बोलत होती आणि फिलाडेल्फियाच्या आगीसाठी जो पालापाचोळा वर्षानुवर्षे साठला, तो गोळा करणाऱ्यांत ते अग्रभागी होते, हे आम्हांला कोणी शिकवले नाही.

आज संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून धार्मिक अल्पसंख्याकांविरुद्ध आणि परदेशातून आलेल्या आश्रितांविरुद्ध जे विष पसरते, त्याला नव्या यंत्राचे पाप मानण्याचा प्रघात आहे. यंत्राचा वाटा नाकारता येत नाही. म्यानमारमधून २०१७ सालच्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान देशोधडीला लागले, तेव्हा त्या देशात द्वेष फैलावण्याच्या कामी फेसबुकचा मोठा उपयोग झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये नोंदवले. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. ती अफवाही हातोहाती, व्हॉट्सॲपवरूनच फिरत होती. तरीही या वाणीची वंशावळ पाहिली तर ती यंत्राच्या मागे फार दूर जाते. तिची एक शाखा येथे उलगडण्याचा आमचा विचार आहे. ती आम्ही निवडली, कारण तिच्या आरंभी मार खाणारे आमचे धर्मबांधव होते. तिच्या पुढच्या भागात काय झाले, ते पुढे येईलच.

मोर्स हे मूळचे चित्रकार. १८३० साली ते रोममध्ये असताना धार्मिक मिरवणूक जात होती. त्यांनी टोपी काढली नाही म्हणून एका शिपायाने ती उडवली, अशी हकिगत सांगतात. एवढ्याशा अपमानातून एवढा मोठा द्वेष उगवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण कॅथॉलिकद्वेष त्यांच्या घराण्यातच मुरलेला होता. १८३४ मध्ये ‘ब्रूटस’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘ऑब्झर्व्हर’ या पत्रात लेखमाला लिहिली व पुढच्या वर्षी तिचे पुस्तक केले. त्यांचे म्हणणे असे: ऑस्ट्रियाचा सम्राट आणि पोप यांनी संगनमत केले आहे, जेझुइट धर्मगुरू त्यांचे हस्तक आहेत, आणि जहाजे भरभरून येणारे दरिद्री कॅथॉलिक लोक पोटासाठी येत नसून अमेरिकेचे स्वातंत्र्य बुडवण्यासाठी पाठवले जात आहेत.

या आरोपात एक वस्तू खरी होती. व्हिएन्ना येथे १८२९ साली स्थापन झालेली लिओपोल्ड संस्था अमेरिकेतील मिशनकार्याला खरोखरच पैसे पाठवत होती. ते लपूनछपून होत नव्हते. वार्षिक अहवाल छापले जात. मोर्स यांनी त्या अहवालांचा आधार घेतला आणि चर्चच्या बांधकामाला आलेल्या पैशांतून फौज उभी केली. खोटे नेहमी असेच एखाद्या खऱ्या खुंटीला बांधलेले असते, म्हणून ते सहज उपटता येत नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्ग येथील सिनेगॉगमध्ये अकरा ज्यूंची हत्या करणाऱ्या माणसाने तासभरही आधी नव्हे इतक्यातच संगणकावर लिहिले होते की, निर्वासितांना साहाय्य करणारी एक ज्यू संस्था आक्रमकांना देशात आणते आहे. संस्था खरी, साहाय्यही खरे. आक्रमण तेवढे काल्पनिक. ऑस्ट्रियाचा सम्राट आणि जेझुइट काढून तेथे दुसरी नामे बसवली की मोर्स यांचे वाक्य पावणेदोनशे वर्षांनी जसेच्या तसे उभे राहते.

मोर्स यांची लेखमाला ज्या वर्षी निघाली, त्याच वर्षी बॉस्टनशेजारच्या चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन भगिनींचा मठ जळाला. ही घटना आम्हांला अधिक तपशिलाने सांगावीशी वाटते, कारण अफवेचा सबंध प्रवास तीत स्वच्छ दिसतो.

माउंट बेनेडिक्ट नावाच्या टेकडीवर भगिनी मुलींची निवासी शाळा चालवीत. तेथे चाळीसहून अधिक मुली शिकत आणि त्यांतल्या बहुतेक प्रॉटेस्टंट होत्या; बॉस्टनच्या सुखवस्तू, उदारमतवादी घराण्यांच्या. टेकडीच्या पायथ्याशी वीटभट्ट्यांवर राबणारे मजूर राहत. आयरिश लोक कमी मजुरीत काम करून आपला घास हिरावतात, हा त्यांचा राग होता. आणि वर टेकडीवर श्रीमंतांच्या लेकी परक्यांच्या धर्माच्या बायांकडे संगीत शिकतात, हे त्या रागावर मीठ होते. पोटाचा प्रश्न धर्माच्या वेषात आला की त्याचे उत्तर कोणी शोधत नाही. हा अनुभव केवळ चार्ल्सटाउनचा नाही.

रिबेका रीड नावाची एक तरुणी काही महिने मठात राहून १८३२ मध्ये निघून गेली होती आणि आतल्या क्रूर शिक्षांच्या कहाण्या सांगत फिरत होती. १८३४ च्या जुलैअखेर संगीत शिकवणाऱ्या एक भगिनी अतिश्रमाने भ्रमिष्टासारख्या होऊन शेजाऱ्याच्या घरी गेल्या. शुद्धीवर आल्यावर स्वेच्छेने परतल्या. एवढेच घडले. परंतु गावात बातमी झाली की पळालेल्या संन्यासिनीला धरून परत नेले आणि तळघरात कोंडले. ८ ऑगस्टला बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने या ‘गूढा’वर मजकूर छापला, दुसऱ्यांनी तो उचलला. रविवारी, १० ऑगस्टला, ख्यातनाम प्रवचनकार लायमन बीचर यांनी बॉस्टनच्या तीन चर्चमध्ये पोपशाहीच्या धोक्यावर प्रवचने केली. वीटभट्टीवरचे मजूर बीचर यांच्या चर्चमध्ये बसणारे नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते खरे आहे. पण व्यासपीठावरचा सभ्य शब्द आणि रस्त्यावरची शिवी यांना एकमेकांची ओळख असावीच लागते असे नाही. (याच बीचर यांच्या कन्या हॅरिएट यांनी पुढे गुलामगिरीविरुद्ध ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. एका घरात काय काय नांदते!)

सोमवारी, ११ ऑगस्टला, गावच्या पंचांनी मठाची तळघरापासून माळ्यापर्यंत तपासणी केली. ज्यांच्याविषयी बोभाटा झाला होता त्या भगिनीच त्यांना इमारत दाखवीत होत्या. काहीही वावगे नाही, असा अहवाल पंचांनी लिहिला आणि तो मंगळवारच्या सकाळच्या पत्रांत छापून यायचा होता. सोमवारी रात्रीच जमाव आला. मठाच्या प्रमुख मदर सेंट जॉर्ज यांनी खिडकीतून दटावले की, बिशपांच्या हाताखाली वीस हजार आयरिश आहेत. हे बोलणे धीराचे असले तरी शहाणपणाचे नव्हते. भगिनी आणि मुली मागच्या बागेतून कुंपण ओलांडून पळाल्या. जमावाने इमारत लुटली, पेटवली, थडगीदेखील उघडली. अग्निशामक दल आले आणि उभे राहिले. दुसऱ्या दिवशी लोकांनी पंचांचा अहवाल वाचला असेल, तेव्हा राखेतून अजून धूर निघत असेल.

बिशप बेनेडिक्ट फेनविक यांनी त्या दिवशी जे केले, ते सूड उगवणाऱ्याला सुचले नसते. चवताळून बॉस्टनकडे निघालेल्या आयरिश मजुरांना त्यांनी धर्मगुरू पाठवून परत फिरवले. बॉस्टनच्या प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट नागरिकांनी फॅन्युइल हॉलमध्ये सभा घेऊन या कृत्याचा निषेध केला, हेही नोंदवले पाहिजे. खटल्यात जमावाचा म्होरक्या जॉन बझेल सुटला. आरोपींपैकी एका कोवळ्या पोराला तेवढी शिक्षा झाली आणि त्याच्या माफीच्या अर्जावर बिशपांचीही सही होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने नुकसानभरपाई कधीच दिली नाही.

पुढे जे आले तो उघड व्यापार होता. १८३५ मध्ये रिबेका रीडचे पुस्तक निघाले व तडाख्याने खपले. ते पाहून १८३६ च्या जानेवारीत मारिया मंक या नावाने दुसरे आले. माँट्रिअलच्या मठात भुयारे आहेत, अर्भकांचे खून होतात, असे त्यात होते. हार्पर या नामांकित प्रकाशनसंस्थेला नफा हवा होता, नाव नको होते. तिने वेगळ्या नावाने एक कंपनी उभी करून पुस्तक काढले. मारियाच्या आईने सांगितले की मुलीला लहानपणी डोक्याला इजा झालेली आहे आणि ती त्या मठात कधी नव्हतीच. न्यूयॉर्कचे संपादक विल्यम स्टोन हे स्वतः प्रॉटेस्टंट आणि कॅथॉलिक पंथाविषयी मुळीच ममत्व नसलेले गृहस्थ. ते पुस्तक हातात घेऊन माँट्रिअलला गेले, मठाचा कोपरा न्‌ कोपरा तपासला आणि बाई लबाड आहे असे त्यांनी जाहीर केले. त्यावर पुस्तकाच्या कैवाऱ्यांचे उत्तर तयार होते: गवंडी लावून आतली रचना बदलून टाकली असणार! पुराव्यालाच कटाचा भाग ठरवणारी ही युक्ती वाचकांच्या ओळखीची असेल. यादवी युद्धापूर्वी त्या पुस्तकाच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्याचे सांगतात. पैशांवरून ते लिहिणारे-लिहवणारे न्यायालयात भांडले. मारियाला त्यातले फारसे काही मिळाले नाही. पाकीटमारीच्या आरोपाखाली पकडली जाऊन १८४९ मध्ये ती कैदेतच वारली. तिच्याविषयी आम्हांला राग येत नाही.

फिलाडेल्फियाचे निमित्त शाळेचे होते. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट बायबलचे पठण सर्वांना सक्तीचे असे. बिशप फ्रान्सिस केन्रिक यांनी १८४२ मध्ये विनंती केली की, कॅथॉलिक मुलांना त्यांच्या मान्यतेची आवृत्ती वाचू द्यावी. शाळामंडळाने ती बव्हंशी मान्यही केली. ‘आमचेही वाचू द्या’ या मागणीचे ‘ते शाळेतून बायबल हाकलत आहेत’ असे रूपांतर व्हायला वर्ष पुरले. केन्सिंग्टन या आयरिश विणकरांच्या वस्तीत सभा भरू लागल्या. ६ मे १८४४ रोजी गोळीबार झाला, काही तरुण मेले आणि दोन दिवसांत घरांच्या रांगा व दोन ख्रिस्तमंदिरे भस्मसात झाली. संत ऑगस्टीनच्या मंदिराला वर्गणी देणाऱ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव होते. तेथे जी घंटा होती, ती अमेरिकेच्या सुप्रसिद्ध स्वातंत्र्यघंटेची धाकटी बहीण. तीही आगीत कोसळली. जुलैमध्ये साउथवर्क भागात पुन्हा दंगल पेटली. दोन्ही मिळून वीसहून कमी माणसे दगावली नसावीत. न्यूयॉर्कला मात्र बिशप जॉन ह्यूज यांनी प्रत्येक चर्चभोवती सशस्त्र माणसे उभी केली व नगरपालिकेला निक्षून बजावले. तेथे काही घडले नाही. फेनविक यांचा मार्ग शुभवर्तमानाला जवळचा खरा, पण ह्यूज यांना दोष देण्याचे धाडस आमच्याने होत नाही.

नंतरची दहा वर्षे थोडक्यात सांगता येतील. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि लाखो भुकेले जीव अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्याविरुद्ध गुप्त मंडळ्या निघाल्या. सभासदाला विचारले तर ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणायचे, म्हणून त्या पक्षाचे नावच ‘नो-नथिंग’ पडले. १८५४ मध्ये या पक्षाने मॅसॅच्युसेट्सचे राज्य जिंकले. त्याच वर्षी वॉशिंग्टन स्मारकासाठी पोप नववे पायस यांनी भेट दिलेली संगमरवरी शिळा रातोरात पळवण्यात आली. १८५५ च्या ६ ऑगस्टला, निवडणुकीच्या दिवशी, लुइव्हिल येथे आयरिश व जर्मन वस्त्यांवर हल्ले होऊन बावीस तरी माणसे मेली. तेथील ‘जर्नल’ पत्राचे संपादक जॉर्ज प्रेंटिस यांनी आधी अनेक दिवस आपल्या अग्रलेखांनी जमीन तापवून ठेवली होती. मग गुलामगिरीच्या प्रश्नाने पक्ष फुटला आणि विरला.

येथवरची कथा आम्हांला सांगायला सोपी जाते. आपले लोक निरपराध, परके अन्यायी. कॅथॉलिक नियतकालिकांत ती बहुधा येथेच थांबते. इतिहास मात्र थांबला नाही.

१८९१ साली, पोप तेरावे लिओ यांचे कामगारविषयक परिपत्रक निघाले त्याच वर्षी, कॅनडात एका आयरिश वंशाच्या कॅथॉलिक कुटुंबात चार्ल्स कॉफलिन यांचा जन्म झाला. धर्मगुरू होऊन ते डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक येथे आले आणि १९२६ मध्ये ‘लिटल फ्लॉवर’ संत तेरेजाच्या नावाने त्यांनी छोटे चर्च उभारले. कू क्लक्स क्लानच्या लोकांनी त्या चर्चच्या आवारात क्रूस पेटवला, असे सांगतात. म्हणजे चार्ल्सटाउनचा वारसा फादर कॉफलिन यांच्या दारापर्यंत आलेला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी रेडिओवर बोलायला प्रारंभ केला. आवाज मधाळ, भाषा ओघवती. १९२९ ची मंदी आली तेव्हा बेकारांची बाजू घेऊन, पोपच्या परिपत्रकांचा दाखला देत, ते सावकारी भांडवलशाहीवर तुटून पडले. त्यांचे श्रोते तीन कोटी असावेत असा त्या काळचा अंदाज होता. यातले पुष्कळसे रास्त होते, हे विसरून चालणार नाही. रास्त बोलणाऱ्याचेच अनुचित बोलणे लोक पचवतात.

हळूहळू ‘सावकार’ या शब्दाच्या आधी ‘ज्यू’ हे विशेषण येऊ लागले. १९३८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या ‘सोशल जस्टिस’ या साप्ताहिकाने ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त’ क्रमशः छापले. ज्यूंनी जग काबीज करण्याचा कट केल्याचा हा तथाकथित पुरावा बनावट आणि दुसऱ्या पुस्तकावरून चोरलेला आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच सप्रमाण दाखवले होते. कॉफलिन यांचा बचाव असा की, दस्तऐवज अस्सल आहे की नाही हा मुद्दाच नाही; जगात जे घडते आहे ते त्याच्याशी जुळते की नाही ते पाहा. मारिया मंकच्या कैवाऱ्यांना गवंडी सुचले होते. येथे गवंड्यांचीही गरज उरली नाही. त्या वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत सिनेगॉग जळाले, दुकाने फुटली. २० नोव्हेंबरला हे धर्मगुरू रेडिओवर म्हणाले की, ज्यूंचा छळ हा ख्रिस्ती लोकांच्या छळानंतर आला आहे. साम्यवादाची ती प्रतिक्रिया आहे. जळत्या मंदिरांसमोर उभे राहून हिशेब मांडण्याची ही रीत त्यांच्याच पूर्वजांनी फिलाडेल्फियात ऐकली होती.

न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने पुढील भाषणाची संहिता आधी मागितली आणि ती मिळेना तेव्हा प्रक्षेपण नाकारले. शिकागोचे कार्डिनल मंडेलाइन यांनी डिसेंबरात जाहीर केले की, कॉफलिन हे ख्रिस्तसभेचे मत सांगत नाहीत. सामाजिक न्यायाचे खरे अभ्यासक फादर जॉन रायन यांनी त्यांचा प्रतिवाद केला. काही कॅथॉलिक विचारवंतांनी १९३९ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध समिती काढली. पण पुष्कळ धर्मग्रामांत मौन होते, आणि काही ठिकाणी चर्चच्या दाराशी ‘सोशल जस्टिस’ विकले जात होते. त्याच वर्षी नभोवाणी केंद्रांच्या संघाने नियम कडक केल्यावर १९४० मध्ये त्यांचा आवाज बंद झाला. १९४२ मध्ये सरकारने साप्ताहिकाची टपालसवलत काढली व आर्चबिशप मूनी यांनी राजकारण सोडण्याची आज्ञा केली. ती त्यांनी पाळली. १९६६ पर्यंत ते त्याच धर्मग्रामाचे प्रमुख होते. १९७९ मध्ये वारले.

शब्द मात्र निवृत्त झाले नाहीत. कॉफलिन यांच्या अनुयायांनी काढलेल्या ‘ख्रिश्चन फ्रंट’चे बॉस्टनमध्ये मोठे प्रस्थ होते. १९४३ साली तेथील डॉर्चेस्टर भागात आयरिश कॅथॉलिक पोरांच्या टोळ्या ज्यू मुलांना गाठून बदडत होत्या आणि पोलीस काणाडोळा करीत होते. पोलिसांतही बहुसंख्य आयरिश. माउंट बेनेडिक्टची टेकडी तेथून काही मैलांवर. जळालेल्या मठाच्या विटा बॉस्टनच्या पवित्र क्रूस कॅथेड्रलच्या प्रवेशमंडपात बसवलेल्या आहेत. मारणाऱ्या मुलांपैकी किती जण त्या कमानीखालून मिस्साला गेले असतील! गव्हर्नरांनी आधी हे सारे खोटे म्हणून बातमी देणाऱ्यालाच धुडकावले. नंतर चौकशी करावी लागली आणि पोलीस आयुक्त बदलले.

याच शहरात फ्रान्सिस स्वीनी नावाच्या आयरिश कॅथॉलिक बाई ‘बॉस्टन सिटी रिपोर्टर’ हे लहानसे पत्र चालवीत. आपल्याच समाजातल्या ज्यूद्वेषाविरुद्ध त्या नावानिशी लिहीत, त्यामुळे आपल्याच समाजात त्या अप्रिय होत्या. १९४२ च्या मार्चमध्ये ‘बॉस्टन हेरल्ड’ने ‘अफवांचा दवाखाना’ नावाचे सदर सुरू केले. त्याच्या कामात बाईंचा मोठा वाटा होता. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट सल्ल्याला होते. गुत्त्यांत, दुकानांत, कारखान्यांत कानावर येईल ते स्वयंसेवक टिपून आणीत: ज्यू सैन्यभरती चुकवतात, अमुक ठिकाणी अमुक घडले. दर आठवड्याला एक अफवा निवडून तिचा माग काढीत, संबंधितांना विचारीत, आणि अफवेच्या खाली वस्तुस्थिती छापीत. पुढे अमेरिका व कॅनडातील चाळीसच्या आसपास पत्रांनी तसे दवाखाने काढले. काम कंटाळवाणे होते, त्यात गौरव नव्हता. एक अफवा निस्तरेपर्यंत पाच नव्या जन्मत. स्वीनीबाईंचे हृदय आधीपासून दुखणाईत होते. १९४४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, त्या वारल्या. हेरल्डचा दवाखाना त्याआधीच, १९४३ सरताना बंद झाला होता.